आधी चालव, मग काप

पोरी,

रविवारी तू वागळे इस्टेटच्या माझ्या गॅरेजच्या गाळ्यात आलीस, मोबाइलवर तीसचाळीस कॅफे रेसरचे, म्हणजे कापून हलक्या केलेल्या, पुढे वाकून चालवायच्या मोटरसायकलींचे फोटो दाखवलेस आणि विचारलंस, "काका, कुठून कापायची?" मी उत्तर न देता चहा सांगितला. तू हिरमुसून गेलीस, ते दिसलं मला. तेव्हा बोललो असतो तर आवाज चढला असता, म्हणून आज लिहितो.

मामाची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल सहा वर्षं कळव्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. तू ती एकदाही चालवलेली नाहीस. कुठल्या वेगाला थरथरते, मागचा ब्रेक किती दाबल्यावर धरतो, खड्ड्यात शॉकअप खाली टेकतो का, यातलं काही तुला माहीत नाही. आणि तिच्यात काय नको ते मात्र ठरवून बसलीस. कशावरून? आधी चालव, मग काप. मला एवढंच सांगायचंय, पण तू ऐकणार नाहीस म्हणून लांबण लावतो.

तुझ्या फोटोतल्या गाड्यांचं मूळ बघ. लंडनला नॉर्थ सर्क्युलर रोडवर एस कॅफे १९३८ साली सुरू झालं. पन्नास-साठच्या दशकात तिथे जमणाऱ्या पोरांना ताशी १०० मैलांचं वेड होतं, म्हणजे आपले १६० किलोमीटर. नॉर्टन आणि ट्रायम्फ या दोन ब्रिटिश मोटरसायकली. नॉर्टनची फेदरबेड फ्रेम वळणावर घट्ट राहते, ट्रायम्फच्या दोन सिलिंडरच्या इंजिनातून ताकद काढता येते, हे हात लावून आणि चालवून कळल्यावर एकीच्या फ्रेममध्ये दुसरीचं इंजिन बसवलं. ट्रायटन अशी झाली. हँडल खाली आणलं ते वाऱ्याखाली वाकायला. वेगात समोरचा वारा छाती पेलून धरतो, मनगटांवर भार कमी येतो. तू रोज कळव्याहून ऐरोलीला जाणार. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली ताशी दहाने सरकताना कुठला वारा तुझी छाती धरणार आहे? सगळं वजन मनगटांवर, त्यात डाव्या हाताने क्लच. क्लिपऑन, म्हणजे ते खाली बसणारं दोन तुकड्यांचं हँडल, लावू नको असं मी म्हणत नाही. महिनाभर आहे त्या हँडलवर जा-ये कर, मग किती इंच खाली यायचं ते तुझे हातच सांगतील.

आता माझं ऐक. हे मी गाळ्यात कुणाला सांगत नाही.

दादाची येझदी रोडकिंग माझ्याकडे आली तेव्हा मी टूलरूममध्ये लेथवर होतो. हातात कसब होतं आणि त्याचा माज होता. गाडी एकदाही किक न मारता मी तिचा मागचा भाग ग्राइंडरने उतरवला. शनिवारी रात्री, दोन तासांत. मग मागे सरकवलेले फूटरेस्ट बनवायला घेतले आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला, की येझदीत किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच असतो. किक मारून झाली की तोच पुढे फिरवायचा, तोच गिअर. पाय मागे नेले तर गिअरसाठी सळई जोडता येईल, पण किकचं काय? एक दिवस चालवली असती तरी हे कळलं असतं. एक दिवस!

पुढे आणखी वाईट झालं. मागचा नवा हूप, म्हणजे सीटखालची वाकवलेली नळी, आणि शॉकअपच्या वरच्या बोल्टाचे कान जिगशिवाय, म्हणजे फ्रेम जागेवर पकडणाऱ्या साच्याशिवाय वेल्ड केले. वेल्ड थंड होताना नळीला आपल्याकडे ओढतो, हे मी दिवसभर शिकाऊ पोरांना शिकवत होतो. मागचं चाक चार मिलिमीटर एका बाजूला गेलं. गाडी सरळ जाईना, चेन स्प्रॉकेट खायला लागली. दादाने येऊन पाहिलं, सीटवर हात ठेवला आणि काही न बोलता निघून गेला. कापलेला तुकडा मी आधीच भंगारात दिला होता. तो ठेवला असता तर निदान माप तरी मिळालं असतं.

म्हणून म्हणतो, आधी चालव.

एअरबॉक्स, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारा बंद डबा, काढून शंकूसारखा उघडा फिल्टर लावायचा, हेही तू ठरवलंयस. दिसतो छान. पण एअरबॉक्स गेला की हवा जास्त, पेट्रोल तेवढंच. मिश्रण पातळ झालं की आरएक्ससारखं टू-स्ट्रोक इंजिन तापतं आणि पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. मग कार्ब्युरेटरमधला मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, एकेक पायरी मोठा करत जायचं, दर वेळी प्लग काढून बघायचा. पांढरट म्हणजे हवा जास्त, काळा ओलसर म्हणजे पेट्रोल जास्त, तपकिरी आला की थांबायचं. मूळ प्लगचा रंगच पाहिला नसेल तर बदललं काय, ते कशाशी ताडून बघणार? आणि जुलैत विटाव्याला पाणी तुंबलं की तोच उघडा फिल्टर पाणी ओढेल. सायलेन्सरची पुंगळी तर कापूच नकोस. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे अर्धं इंजिन असतं. त्यातून परत फिरणारी दाबाची लाट बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. तो तोडलास तर आवाज वाढेल आणि ११ हॉर्सपॉवरमधलीही काही जाईल.

कागदांचं थोडक्यात. गाडी मामाच्या नावावर, १५ वर्षं कधीच उलटलेली. नाव बदलून घे, नोंदणीचं नूतनीकरण कर, आणि ते गाडी मूळ रूपात असताना कर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतले, म्हणजे नोंदणीपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच सांगितलंय. काय बदलता येईल ते आरटीओत लेखी विचार. फ्रेमवरचा चेसिस नंबर रंगाखाली बुजू देऊ नकोस.

लोक म्हणतात मी गिऱ्हाईक परत पाठवतो, म्हणून गाळा चालत नाही. दोन पोरं मागच्याच महिन्यात गेली दुसरीकडे, तिथे एका दिवसात कापून मिळाली गाडी. मिळू दे. येझदी अजून माझ्या गाळ्यात मागे उभी आहे आणि मी ती विकत नाही, तेही लोकांना खटकतं. पण ती डोळ्यांसमोर आहे म्हणून माझा हात ग्राइंडरकडे जायच्या आधी थांबतो. तू मला हट्टी म्हणालीस. असेन. दादा होता तेव्हा थोडा असतो तर बरं झालं असतं.

तुझे फोटो वाईट नाहीत. तो लांबट टाकी आणि सपाट सीटवाला मला आवडला. आरएक्सला ती रेघ शोभेल, आणि हूप मी स्वतः जिगवर बसवून वेल्ड करून देईन. पण एक पावसाळा गेल्यावर.

येत्या रविवारी टेम्पोत घालून गाडी घेऊन ये. कार्ब्युरेटर उघडू, टाकी धुऊ, ब्रेक शू आणि केबली बदलू. जुनी सीट कुणी मागितली तरी देऊ नकोस. आणि आत असलेला प्लग काढून, न पुसता, कागदात गुंडाळून वेगळा आण. मामाने शेवटची कशी चालवली ते बघायचंय मला.

काका