किरणोत्सारी जमिनीच्या सफाईत करिअर?

प्रश्न : मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र). किरणोत्सारी जमीन स्वच्छ करण्याच्या कामात जायचं म्हणते. नोकरी मिळते का? जिवाला धोका किती? – एक पालक, संगमनेर

नमस्कार. धोक्याचं आधी. भारतात अशा कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्टपेक्षा (शरीराला मिळालेल्या किरणोत्साराचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त मात्रा चालत नाही. छातीवरच्या टीएलडी बिल्ल्यावरून (किरणोत्सार मोजणारा बिल्ला) या मात्रेची नोंद होते. दूषित मातीत काम करताना धूळ नाकातोंडात जाणं टाळायचं असतं. म्हणून मास्क, आणि माती ओलसर ठेवणं.

काम मात्र मुलगी समजते तसं नसेल. ते बरंचसं मातीचं आणि मोजमापाचं आहे. जपानमधल्या फुकुशिमात 2011 च्या अणुभट्टी अपघातानंतर शेतांवर पडलेलं सिझियम-137 हे किरणोत्सारी मूलद्रव्य चिकणमातीने असं धरून ठेवलं, की त्यातलं बहुतेक वरच्या 5 सेंटीमीटरमध्येच राहिलं. तेवढा थर खरवडला तरी एकरी 200 घनमीटर माती निघते. यंत्र चालवणाऱ्याने 10 सेंटीमीटर काढली तर कचरा दुप्पट. चाकांखाली वरची माती खाली मिसळली तर तेच शेत पुन्हा खरवडा. धुऊन काढावं तर चिकणमाती सिझियम सोडत नाही, त्यामुळे धुण्याचा फायदा रेताड जमिनीतच. प्रदूषण कमी होतं तिथे खोल नांगरून वरची माती खाली घातली आणि भाताला पोटॅश वाढवलं, कारण जमिनीत पोटॅशियम कमी पडलं की मुळं सिझियम उचलतात. मोजताना मीटर जमिनीपासून 1 मीटरवर धरला तर शेजारच्या उताराचे किरणही त्यात येतात. म्हणून जमिनीलगत, शिशाच्या आडोशाने दुसरं रीडिंग घ्यावं लागतं.

आपल्याकडे 'जमीन सफाई' अशी जाहिरात शोधू नका. वाट रेडिएशन सेफ्टीतून जाते. बीएस्सीनंतर बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्र) स्टायपेंडरी ट्रेनीच्या, म्हणजे विद्यावेतनावरच्या प्रशिक्षणार्थींच्या जाहिराती पाहाव्यात, पण माझं मत एमएस्सी करूनच जावं. तिथल्या ट्रेनिंग स्कूलला 60 टक्के लागतात. मुलीच्या कल्पनेच्या जवळचं काम म्हणजे झारखंडमधल्या जादुगुड्याचे, युरेनियम काढून उरलेल्या गाळाचे तलाव. तिथल्या किरणोत्सारी रेडियम-226 चं अर्धायुष्य (निम्मं होण्याचा काळ) 1600 वर्षं, तेव्हा गाळ हलवण्यापेक्षा मातीने झाकून वर झाडोरा वाढवणं बरं. दुसरं काम बेवारस किरणोत्सारी स्रोतांचं : 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात किरणोत्सारी कोबाल्ट-60 सापडलं होतं.

एमएस्सीचं कॉलेज निवडताना गॅमा स्पेक्ट्रोस्कोपीचा (गॅमा किरणांवरून किरणोत्सारी पदार्थ ओळखण्याचा) सेट चालू आहे का, हे प्रयोगशाळेत जाऊन पाहा. कपाटात कुलूपबंद असेल तर दुसरं कॉलेज बघा.