आधी रंकाळ्यावर आठवडाभर जा
भावा, नवी लेन्स घ्यायची घाई करू नको, आधी आठवडाभर रोज संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर जा आणि एकाच जागेवरनं संध्यामठाचा (तळ्यातली जुनी दगडी वास्तू) फोटो काढ. आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) 100, अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं ते) एफ 8 ठेव, फक्त शटरचा वेळ बदल, 1/60, 1/125, 1/250 सेकंद, दर वेळी उजेड निम्मा होतोय ते डोळ्यानं दिसतंय बघ. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं रंग जुळवायचं सेटिंग) ऑटोवर असला तर केशरी रंग फिका पडतोय, डेलाइटवर टाक (मी वर्षभर उगंच कॅमेऱ्याला शिव्या घातल्या). सूर्य बुडाला की लगेच भेळेच्या गाडीकडं पळू नको, भारी रंग त्यानंतर 15-20 मिनिटं असतोय, तेव्हा शटर सेकंदाच्या आसपास जातंय, हातात धरून फोटो हलतोय, मग ट्रायपॉड नसला तर कॅमेरा कठड्यावर ठेव आणि 2 सेकंदाचा टायमर लाव.