मांगा ॲपची वर्गणी : ‘विकत घेतलं’ म्हणजे नक्की काय घेतलं?

मी ग्रंथालयात डिजिटल परवाने आणि वर्गण्यांचे करार सांभाळते. मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचण्याच्या ॲपबद्दल या सदराकडे पत्रं येतात, त्यांतली कितीतरी ‘पैसे भरले होते, तरीही…’ अशी सुरू होतात. दर वेळी तेच उत्तर वेगळ्या शब्दांत लिहिण्याचा कंटाळा आला, म्हणून या वेळी सगळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : ॲप फोनमधून केव्हाच काढून टाकलं, तरी तीन महिने पैसे कापले जात आहेत. असं कसं?

ॲप काढल्याने वर्गणी थांबत नाही. ॲपल, गूगल प्ले किंवा कंपनीची वेबसाइट, जिथून वर्गणी घेतली असेल तिथेच जाऊन ती रद्द करावी लागते. ‘ॲप उडवलं की पैसे आपोआप थांबतात’ हे ज्या मित्राने सांगितलं, त्याला हे उत्तर वाचायला द्या. आणि तुम्ही तीन महिने कशाची वाट पाहत होतात? पहिल्या कपातीच्या दिवशीच तक्रार केली असती तर पैसे परत मिळण्याची शक्यता बरी होती. आता आधी वर्गणी रद्द करा, मग परतीचा अर्ज करा. दाद लागली नाही तर बँकेशी बोला.

प्रश्न : मांगा उजवीकडून डावीकडे वाचावी लागते, ते जमत नाही. ॲपमध्ये पानं उलटी करून मिळतात का?

सहसा नाही, आणि मिळाली तरी घेऊ नका. पान आरशात धरलं की उजव्या हातातली तलवार डाव्या हातात जाते. दोन-तीन चॅप्टरांत सवय होईल.

प्रश्न : मी दर आठवड्याला दोन-तीन मालिका वाचतो. वर्गणी घेऊ का?

फक्त ताजे चॅप्टर वाचत असाल तर बहुधा गरज नाही. शुएइशा या जपानी प्रकाशनाचं ‘मांगा प्लस’ जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालं तेच या तत्त्वावर : मालिकेचे पहिले तीन आणि सर्वांत ताजे तीन चॅप्टर फुकट, तेही जपानबरोबरच. दर आठवड्याला न चुकता वाचणाऱ्याला एवढं पुरतं.

वर्गणीचा खरा फायदा मागचं वाचणाऱ्याला. १९९७ पासून चालू असलेल्या एका मालिकेचे खंड शंभराच्या पुढे गेले आहेत. छापील घेतले तर ओळीने मांडायला दीड-दोन मीटर फळी लागेल. ‘शोनेन जंप’ या शुएइशाच्या मांगा साप्ताहिकाच्या इंग्रजी ॲपने डिसेंबर २०१८ मध्ये जुन्या चॅप्टरांचा साठा अगदी थोड्या मासिक वर्गणीत खुला केला, तेव्हा माझ्यासारख्या छापील खंडांच्या कैवाऱ्यालाही ते पटलं. त्यातही दिवसाला शंभर चॅप्टरची मर्यादा होती, पण त्याहून जास्त वाचणाऱ्याने आधी थोडं झोपावं. माझी पद्धत अशी : एका महिन्याची वर्गणी घ्यायची, एक लांब मालिका संपवायची, रद्द करायची. वर्षाची ‘सवलतीची’ वर्गणी पहिल्याच दिवशी कधीही घेऊ नका. तुमची मालिका त्या ॲपवर, तुमच्या देशात, पहिल्या चॅप्टरपासून आहे का, हे यादीत स्वतः पाहा. जाहिरातीतल्या मुखपृष्ठांवर जाऊ नका. हक्क देशागणिक वेगळे असतात.

प्रश्न : एका ॲपवर मासिक वर्गणी नाही, पॉइंट आहेत. हे स्वस्त पडतं ना?

पडतं असं वाटतं, आणि पॉइंटांचा हेतू तोच आहे. पॉइंट मोजताना आपण पैसे मोजायचं सोडून देतो. कोदान्शा या दुसऱ्या जपानी प्रकाशनाचं ‘के मांगा’ २०२३ मध्ये आधी अमेरिकेत सुरू झालं, ते तिकीट आणि पॉइंट पद्धतीचं. तिकीट ठरावीक वेळाने पुन्हा मिळतं आणि त्यावर जुने चॅप्टर फुकट वाचता येतात. नव्यांना पॉइंट लागतात. धीर धरणाऱ्याला हे खरंच स्वस्त आहे. अधीर माणूस एका रात्रीत महिन्याच्या वर्गणीपेक्षा जास्त घालवून बसतो.

पॉइंटांची मुदतही बघा. जपानी कायद्यात आगाऊ भरलेल्या पैशांबद्दल कंपनीवर बंधनं आहेत. शिल्लक ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर तिच्या निम्मी रक्कम अनामत ठेवावी लागते. पण सहा महिन्यांच्या आत संपणारे पॉइंट या बंधनांतून सुटतात. मुदत १८० दिवसांची दिसली तर ती कोणाच्या सोयीची आहे, हे ओळखा. मोठा गठ्ठा ‘जादा पॉइंटां’साठी घेण्याआधी अटींचं पान वाचा, आणि कळलं नाही तर मदतकक्षाला लेखी विचारा. तोंडी उत्तर नंतर सापडत नाही.

प्रश्न : मी वर्गणी देते, शिवाय काही खंड ‘बाय’ बटण दाबून वेगळे विकत घेतले आहेत. सगळं डाउनलोड करून ठेवलंय. आता कंपनी बंद पडली तरी माझा संग्रह सुरक्षित आहे ना?

नाही. या प्रश्नाला जागा जास्त देणार आहे, संपादकांनी माफ करावं.

डाउनलोड म्हणजे फाइल तुमच्या ताब्यात आली असं नव्हे. ॲपमधला चॅप्टर कुलूपबंद असतो आणि किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर असते. वर्गणी संपली की ॲप किल्ली मागायला जातं, ती मिळत नाही, चॅप्टर उघडत नाही. प्रकाशकाचा आणि ॲपचा करार संपला तर वर्गणी चालू असतानाही मालिका यादीतून जाते. वर्गणीच्या बाबतीत हे मी समजून घेते. वाचनालयाची वर्गणी संपली की पुस्तकं परत करायचीच असतात. माझा राग ‘बाय’ या शब्दावर आहे.

जेमांगाचं उदाहरण घ्या. जपानी प्रकाशकांनी एकत्र येऊन २०११ मध्ये काढलेली ही अधिकृत सेवा. मार्च २०१३ मध्ये बंद होत असल्याचं जाहीर झालं आणि ३० मे २०१३ नंतर वाचकांनी पैसे देऊन घेतलेले खंडही उघडेनासे झाले. वाचन ऑनलाइनच होतं, त्यामुळे जवळ काहीच उरलं नाही. चोरीची साइट नव्हती, कुणी भामटे नव्हते. खुद्द प्रकाशकच होते. पुढे क्रंचीरोल या ॲनिमे दाखवणाऱ्या कंपनीचं मांगा ॲप आलं, २०१३ मध्ये. तेही दहा वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, बंद झालं. मी स्वतः एका सेवेवर (नाव घेत नाही) अकरा खंड घेतले होते. एके दिवशी मुखपृष्ठं तशीच होती, आत पान नव्हतं. मदतकक्षाचं उत्तर आलं तेव्हा कळलं, की माझ्याकडे परवाना होता आणि तो संपला. आयुष्यभर परवाने हाताळणाऱ्या बाईने अटी वाचल्या नव्हत्या, हेही लिहूनच टाकते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू केला : फक्त परवाना देत असाल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘बाय’ म्हणता येणार नाही. मासिक वर्गणीला तो लागू नाही, पण तुमच्या त्या वेगळ्या खंडांसारख्या व्यवहारासाठीच तो आहे. इतरत्र मात्र बटणावर विसंबू नका.

तेव्हा दोन वह्या करा. एकीत ‘वाचून सोडायचं’, दुसरीत ‘जन्मभर हवं’. पहिलीसाठी वर्गणी उत्तम. दुसरीसाठी छापील खंड, किंवा काही मोजके विक्रेते बिनकुलपाची फाइल देतात ती. पावत्या जपा. सेवा बंद होत असल्याची मेल आली तर त्याच दिवशी परताव्याची अट वाचा, आणि रक्कम मोठी असेल तर ग्राहक सल्ला केंद्राला विचारा.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे. ॲपवर ‘शोनेन’ लिहिलंय म्हणजे लहान मुलांसाठीच ना?

‘शोनेन’ म्हणजे मुलगे; तो मासिकाचा वाचकवर्ग झाला, वयाचा दाखला नव्हे. शोनेन मालिकांत रक्तपातही भरपूर असतो, आणि प्रौढ पुरुषांसाठीच्या ‘सेइनेन’मध्ये घरच्या जेवणावरची निरुपद्रवी मालिका सापडते. वयाची खूण स्वतंत्रपणे दिलेली असते, ती बघा. पहिला खंड स्वतः वाचा. खरेदीला पासवर्ड लावा, कारण पॉइंट मुलांच्याच बोटांनी जास्त संपतात. ती घाबरली, झोप उडाली असं दिसलं तर समुपदेशकाशी बोलायला लाजू नका.

प्रश्न : आमचा गट चॅप्टर भाषांतर करून टाकतो. पैसे घेत नाही, मग अडचण काय?

भाषांतराचा हक्क लेखकाचा, हे स्वामित्वहक्काच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातच आहे. पैसे न घेतल्याने तो तुमचा होत नाही. ‘मांगामुरा’ ही चोरीची साइट २०१८ मध्ये बंद झाली, चालवणाऱ्याला २०२१ मध्ये तीन वर्षांची कैद झाली आणि २०२४ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने सुमारे १.७ अब्ज येन भरपाई ठोठावली. तुमचं काम त्या मापाचं नाही, मान्य. तरी पुढचा चॅप्टर टाकण्याआधी स्वामित्वहक्काच्या वकिलाला भेटा.

प्रश्न : फोनवर तासभर वाचलं की डोकं दुखतं.

फोन आडवा धरा म्हणजे जोडपान नीट दिसेल, शक्य तर टॅबलेट वापरा, मधेमधे लांब बघा. दुखणं राहिलंच तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मी ग्रंथपाल आहे.

प्रश्न : आयफोनवर सात दिवसांची फुकट चाचणी घेतलीय, उद्या संध्याकाळी संपते. उद्या सकाळी रद्द केली तर चालेल ना?

नाही. किमान चोवीस तास आधी रद्द करावी लागते. ही चाचणी घेतली त्याच दिवशी रद्द करता आली असती. तुमचं उत्तर छापून येईपर्यंत पैसे कापले गेले असणार. आज रद्द करा म्हणजे पुढच्या महिन्याचे तरी वाचतील, आणि या महिन्याच्या परताव्यासाठी ॲपलकडेच अर्ज करा. ॲप कंपनीला लिहून उपयोग नाही, ते तुम्हाला तिकडेच पाठवतील.