डबा जड होता, एवढंच ठाऊक

इंदुरात पोहे-जिलबीच्या गाड्यावर भेटणारी मुलं हल्ली मला एकच विचारतात : मुलाखतीत चोरीबद्दल विचारलं तर काय बोलायचं? पत्रांतही तेच. पीथमपूरच्या एका कारखान्यात मी १४ वर्षं भरतीचं काम पाहिलं, म्हणजे हा प्रश्न टेबलाच्या पलीकडून बराच विचारला आहे. निवडक पत्रांना इथे उत्तरं देतो.

काका, विजयनगरच्या एका मोठ्या स्टोअरमध्ये कॅशिअरच्या जागेसाठी गेले होते. विचारलं, "साथ वाली लड़की गल्ले से पैसे निकालती दिखे तो क्या करेंगी?" मी म्हटलं, तिला बाजूला घेऊन समजावीन, अडचण असेल तर मदत करीन. सगळ्यांनी माना डोलावल्या, पण नंतर फोनच आला नाही. काय चुकलं? – एक वाचक, अन्नपूर्णा रोड

बेटा, उत्तर मैत्रिणीचं होतं, कॅशिअरचं नव्हतं. तू म्हणालीस 'समजावीन', त्यांना ऐकू आलं 'मला कळेल, पण तुम्हाला कळू देणार नाही'. रात्री गल्ला जुळला नाही की त्या पाळीतल्या सगळ्यांवर संशय येतो. त्यात तुला आधीपासून माहीत होतं हे निघालं, तर तूही अडकतेस.

याच्या उलट टोकाचं उत्तरही काही मुलं देतात : "वहीं पकड़ लूँगा, सबके सामने." हे त्याहून वाईट. तू जे पाहिलंस ती चोरीच होती कशावरून? बऱ्याच दुकानांत गल्ला भरला की जास्तीची रोकड काढून तिजोरीत पाठवतात. लांबून बघणाऱ्याला ते पैसे काढणंच दिसतं. आणि खरी चोरी पुष्कळदा लांबून दिसतही नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाची एखादी वस्तू स्कॅन न करता पिशवीत सरकवायची. या धंद्यात त्याला 'स्वीटहार्टिंग' म्हणतात. नाहीतर गिऱ्हाईक गेल्यावर बिल रद्द करायचं आणि पैसे खिशात घालायचे.

आमच्या कारखान्याच्या स्टोअरमधून एकेकाळी तांब्याची तार जेवणाच्या डब्यांतून बाहेर जायची. पुढे स्टोअरकीपरची जागा भरताना मी प्रत्येकाला विचारायचो, समोरच्याचा डबा जड वाटला तर काय कराल? कुणी म्हणे उघडून बघीन, कुणी म्हणे पोलिसांना बोलवीन. एक मुलगा जरा थांबून म्हणाला, "सर, डबा जड होता एवढंच मी सांगेन. आत काय होतं ते मी पाहिलेलं नाही. गेटवर तपासायला सांगा." त्याला घेतला. पाहिलेलं आणि वाटलेलं यांतला फरक त्याला कळत होता. नोकराने मालकाचा माल चोरला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा आळ नुसत्या अंदाजावर कुणावर घ्यायचा?

तेव्हा पुढच्या वेळी एवढंच म्हण : "जो देखा, वही उसी दिन ड्यूटी मैनेजर को अकेले में बताऊँगी. जाँच करना उनका काम है." आणि उलट विचार, तुमच्याकडे अशी गोष्ट कोणाला सांगायची असते? मुलाखत हिंदीत होणार, म्हणून घरी सरावही हिंदीतच कर. मराठीत डोक्यात जुळवलेलं वाक्य ऐनवेळी हिंदीत लंगडतं, आणि या प्रश्नाला अडखळलं की उगाच संशय येतो.

भरतीच्या ऑनलाइन चाचणीत विधान होतं : 'प्रत्येक जण ऑफिसातलं काही ना काही घरी नेतोच.' सहमत की असहमत? मी दोन-चार पेनं नेली आहेत. खरं भरू का? – सुदामानगर

असहमत भरा. विधान तुमच्या पेनांबद्दल नाही, 'प्रत्येक जण' याबद्दल आहे. सगळेच करतात असं मानणाऱ्याला स्वतः करायला सोपं जातं, असा या चाचण्यांचा हिशेब असतो. मात्र पुढे 'मी आयुष्यात एकदाही खोटं बोललो नाही' अशी ओळ आली, तर तिथे संत होऊ नका. ती फुशारकी पकडायलाच घातलेली असते. तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा येतो, त्यामुळे हुशारी करणारा स्वतःच्याच उत्तरांत सापडतो. पेनांबद्दल कुणी तोंडावर विचारलंच तर हो म्हणा आणि पुढे चला.

सियागंजात एका पेढीवर आठ वर्षं रोकड सांभाळली. एकदा १८ हजारांची तूट निघाली, शेठजींनी माझ्या पगारातून कापली. चोरी मी केली नव्हती. अपमान वाटून सोडलं. आता नव्या ठिकाणी काय सांगू? – वय ४१

सांगा, पण दोन वाक्यांत : रोकडीत तूट आली, जबाबदारी माझ्याकडे होती म्हणून रक्कम माझ्याकडून वसूल झाली, त्यानंतर मी नोकरी सोडली. चोरीचा आरोप झाला नसेल तर तेही स्पष्ट म्हणा. लपवू नका. सियागंजात कोण कोणाचा व्याही आणि कोण कोणाचा भाडेकरू हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही नंबर दिला नाही तरी शेठजींना फोन जाणारच. त्यांना नावं ठेवू नका. ऐकणाराही उद्याचा शेठजीच असतो.

कपातीची गोष्ट वेगळी. पगारातून अशी रक्कम कापायची तर ती तुमच्या ताब्यात दिलेली असावी लागते, तूट थेट तुमच्या हयगयीमुळे झालेली असावी लागते आणि कापण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. १९३६च्या वेतन कायद्यापासून हे चालत आलं आहे. तसं झालं नसेल तर श्रम कार्यालयात विचारा, मुलाखतीत नको. आणि अनुभवाचं पत्र घेतलं नसेल तर आधी ते मागून आणा, मान खाली घालावी लागली तरी.

मुलगा म्हणतो, सहकाऱ्याचं नाव सांगणं म्हणजे चहाडी, मी मुलाखतीत तसं खोटं बोलणार नाही. – एक आई, रामबाग

वहिनी, पोराचं मन स्वच्छ आहे, पण चहाडी म्हणजे आपल्या फायद्यासाठी कान भरणं. त्याला उघडपणे सांगणं अवघड जात असेल तर स्वतःचं नाव न देता सांगण्याची सोय आहे का, हे त्याने विचारावं. त्यात काही गैर नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७प्रमाणे गैरप्रकाराच्या तक्रारीची वाट ठेवावीच लागते, आणि तक्रार करणाऱ्याला त्रास होणार नाही हेही बघावं लागतं. कंपनीच्या वेबसाइटवर 'व्हिसल ब्लोअर पॉलिसी' नावाने ते सापडतं. मुलाखतीच्या आदल्या रात्री वाचायला दहा मिनिटं पुरतात.