राज्यसेवेची मुलाखत तीन आठवड्यांवर आली आहे. आता तयारी नेमकी कशी करावी?

तुमच्या प्रश्नावरून मला कळले ते असे : तुम्ही रावेर तालुक्यातल्या केळी उत्पादक कुटुंबातल्या आहात, धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतली आहे, राज्यसेवा मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊन आता मुलाखतीची वाट पाहत आहात आणि या दिवसांत चालू घडामोडींची आणखी किती पुस्तके वाचावीत हे तुम्हाला ठरवता येत नाही. शिवाय घरची लेवा बोली मुलाखतीत आड येईल, ही भीतीही तुम्ही व्यक्त केली आहे. मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या उमेदवारांच्या सराव मुलाखती मी जळगावात अनेक वर्षे घेत आलो आहे, त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर देतो.

पुस्तकांची संख्या आता वाढवू नका. रोजचे वर्तमानपत्र पुरे आहे. वर्णनात्मक पद्धतीच्या राज्यसेवेत लेखी परीक्षा 1750 गुणांची आणि मुलाखत 275 गुणांची, अशी एकूण 2025 गुणांची मांडणी आहे. तुमचे वाचन किती आहे याची परीक्षा त्या 1750 गुणांत होऊन गेलेली आहे. मुलाखत मंडळासमोर तुमची उत्तरपत्रिका नसते, तुम्ही स्वतःविषयी भरून दिलेली माहिती असते. म्हणून त्या माहितीची एक प्रत काढा आणि तिच्यातल्या प्रत्येक शब्दावर, म्हणजे गाव, तालुका, पदवीचा विषय, वडिलांचा व्यवसाय, छंद, पदांचा पसंतीक्रम या सगळ्यांवर, अनोळखी पण जाणता माणूस काय विचारील हे लिहून काढा. तीन आठवड्यांतला निम्म्याहून अधिक वेळ मी याच कामाला देईन.

तुमच्या बाबतीत सर्वांत जास्त प्रश्न केळीवर येतील, असे मी जवळजवळ धरून चालतो. नेमकी इथेच आपल्या भागातली मुले कमी पडतात, कारण बागेत वाढल्यामुळे आपल्याला केळी येते असे त्यांना वाटते आणि ते उत्तराची वेगळी तयारी करत नाहीत. मृगबाग जून-जुलैत आणि कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरात लागते हे तुम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही. परंतु या दोन हंगामांमुळे माल बाजारात केव्हा एकदम येतो आणि त्याचा भावावर काय परिणाम होतो, हे चार वाक्यांत शांतपणे सांगता येते का, ते पाहा. ‘व्यापारी भाव पाडतात’ हे वाक्य गावात सगळ्यांना पटते, मंडळासमोर मात्र ते उत्तर होत नाही. जाहीर झालेला भाव आणि शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव यांत फरक का राहतो, शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे रावेरचा शेतकरी का पाहतो, उत्तर भारतातल्या मागणीवर आपण किती विसंबून आहोत आणि निर्यातीला लागणारी प्रतवारी, पॅकहाऊस व शीतसाखळी गावपातळीवर कशी उभी राहील, असे सुटे करून बोलावे लागेल.

तुम्ही कृषी पदवीधर असल्यामुळे रोगांवरही खोलवर विचारले जाईल. पानांवरचा करपा बुरशीमुळे होतो आणि सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो. विषाणूवर औषध नसल्यामुळे रोगट झाडे उपटून नष्ट करणे, माव्याचा बंदोबस्त करणे आणि बागेत काकडीवर्गीय पिके न घेणे हाच मार्ग उरतो, हा फरक न अडखळता सांगता आला पाहिजे. जळगावच्या केळी संशोधन केंद्रात एकदा जाऊन या. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा प्रत्यक्ष उत्पादकाला किती उपयोग झाला, हा प्रश्न तिथल्या तज्ज्ञांना आणि तुमच्या वडिलांनाही विचारा. दोन्ही उत्तरे वेगळी आली तर ती दोन्ही लक्षात ठेवा.

यानंतरचा प्रश्न बहुधा खुर्ची बदलून येतो. वादळाने बागा आडव्या झाल्या आहेत आणि तुम्ही फैजपूरला प्रांताधिकारी आहात, तर पहिल्या दोन दिवसांत काय कराल? येथे शेतकऱ्याची मुलगी म्हणून वाटणारी कळकळ लपवू नका, पण उत्तर अधिकाऱ्याचे द्या : महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत या तिन्ही यंत्रणांचे संयुक्त पंचनामे, विमा कंपनीला वेळेत सूचना, बंद पडलेले रस्ते व वीज, आणि खोट्या नोंदी टाळण्याची व्यवस्था. हवामानावर आधारित फळपीक विम्यात महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद ग्राह्य धरतात, म्हणून शेतातले नुकसान आणि केंद्रातली नोंद जुळली नाही की वाद उभा राहतो. योजनेचा हा दोष सभ्य शब्दांत दाखवणे म्हणजे शासनाविरुद्ध बोलणे नव्हे. निर्भीडपणे पण तोलून बोलणारा उमेदवार मला तरी नेहमीच अधिक विश्वासार्ह वाटला आहे.

जळगाव जिल्ह्याचा अभ्यास करताना आपल्या पंधराही तालुक्यांचा विचार करा, आणि पाल परिसरातल्या तडवी व पावरा आदिवासींच्या वस्त्या, 2006 चा वनहक्क कायदा, तापीकाठच्या भूजलाची घसरण हे विषय सोडू नका. अजिंठा लेणी जळगावला जवळ असली तरी ती छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत, ही चूक उमेदवारांकडून वारंवार होते. फैजपूरचे 1936 चे काँग्रेस अधिवेशन, अमळनेरमधले साने गुरुजी, नंदुरबारचा शिरीषकुमार यांची थोडक्यात माहिती पुरे.

पसंतीक्रमावर मात्र थांबून विचार करा. उपजिल्हाधिकारी पद पहिले का आणि पोलीस उपअधीक्षक पद नंतर का, याचे कारण ‘लोकांची सेवा’ असे सांगितले तर पुढचा प्रश्न ‘मग पोलीस खात्यात सेवा होत नाही का?’ असाच येणार. तुमचे खरे कारण शोधा आणि तेच सांगा.

बोलीविषयी काळजी करू नका. मुलाखत मराठीतून देता येते, आणि बहिणाबाईंची कविता ज्या बोलीत आहे तिच्या हेलाने कोणाचे गुण कमी होण्याचे कारण नाही. अडचण हेलाची नसते, अर्धवट सोडलेल्या वाक्यांची असते. रोज वीस मिनिटे मोठ्याने बोला, ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि वाक्ये पूर्ण होतात का एवढेच ऐका. सराव मुलाखती तीन-चारच द्या; त्यांपैकी एक तरी स्पर्धा परीक्षेशी संबंध नसलेल्या अनुभवी व्यक्तीकडे, उदाहरणार्थ निवृत्त तहसीलदार किंवा मुख्याध्यापिकेकडे द्या. जास्त ठिकाणी गेलात तर प्रत्येकाची सूचना वेगळी असते आणि शेवटी पाठ केलेली उत्तरे तोंडात बसतात. जे ठाऊक नाही ते ‘माहीत नाही’ असे सरळ सांगावे.

मूळ कागदपत्रे जाहिरातीतल्या अटींशी आणि तारखांशी आजच ताडून पाहा; नावातला फरक असेल तर तो आता दुरुस्त करण्याइतका वेळ आहे. मुलाखतपत्रात बेलापूरचा पत्ता असेल, तर भुसावळहून रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी थेट मंडळासमोर बसण्याऐवजी आदल्या दिवशी दुपारपर्यंत नवी मुंबईत पोहोचा. साडी किंवा सलवार-कमीज, जे तुम्ही नेहमी सहजपणे वापरता, तेच घाला.