मुलांच्या आयसीयूत रात्री आवाज आणि प्रकाश किती असावा?

जागतिक आरोग्य संघटनेची १९९९ ची मर्यादा सांगते: रात्री वॉर्डात सरासरी ३० डेसिबल, क्षणिक आवाज ४० पर्यंत. व्हेंटिलेटर चालू असलेल्या खोलीत हे जवळपास अशक्य. आकडा सहज ५० च्या पुढे जातो. कमी मात्र नक्की करता येतो. मोजमाप मुलाच्या उशीजवळ घ्या, नर्सिंग स्टेशनवर नाही. मॉनिटरचा अलार्म वाजण्याच्या मर्यादा मुलाचं वय आणि प्रकृती पाहून लावा, हृदयाचे ठोके टिपणारे छातीवरचे सुटलेले इलेक्ट्रोड लगेच बदला (बरेच खोटे अलार्म तिथूनच येतात), काम झालं की सक्शन (कफ ओढून काढणारं यंत्र) बंद करा. अलार्म म्यूट करून ठेवणं हा उपाय नव्हे, तो धोका आहे.

रात्रीचा प्रखर उजेड मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दाबतो. छतावरचे दिवे मालवा, तपासणीपुरता डोळ्यांवर न येणारा छोटा दिवा वापरा. दिवसा मात्र पडदे उघडेच हवेत.