‘प्रीती कर’ ही आज्ञा कशी काय?

प्रश्न असा आहे : “प्रेम जडतं, बसतं, होतं. ते कुणी सांगितलं म्हणून करता येत नाही. मग मराठी बायबलमध्ये ‘तू आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ असं आज्ञार्थी वाक्य कसं? आणि संडे स्कूलच्या मुलांसाठी लिहिताना ‘प्रीती’ऐवजी ‘प्रेम’ लिहिलं तर चालेल का?”

शंका रास्त आहे. जीव जडतो, मन बसतं, लळा लागतो : या सगळ्या वाक्यांत कर्ता भावना आहे, माणूस नाही. ‘तुला लळा लागो’ असं फार तर म्हणता येईल, पण ती इच्छा झाली, आज्ञा नव्हे. मात्र मराठीत दुसरी रचनाही आहे. आपण माया ‘करतो’, जीव ‘लावतो’. “आजीनं फार माया केली हो” असं कुणी म्हणालं की आपल्याला आजीचा हात दिसतो : वाढणारा, अंगावर पांघरूण घालणारा. ‘प्रीती करणे’ याच घराण्यातलं आहे. आत काय वाटतं याआधी ते समोरच्यासाठी काय करायचं हे सांगतं, आणि म्हणूनच त्याची आज्ञा होऊ शकते.

बायबलच्या दुसऱ्या भागाची, नव्या कराराची, मूळ भाषा ग्रीक. तिथे प्रीतीसाठी नाम ‘आगापे’, क्रियापद ‘आगापाओ’. ‘आगापे म्हणजे फक्त दैवी प्रेम’ असं प्रवचनांत पुष्कळदा ऐकू येतं. ते पूर्ण खरं नाही. नव्या करारातली कितीतरी पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाला त्याचा सहकारी देमास या जगाच्या ओढीनं सोडून गेला (२ तीमथ्य ४:१०), तिथेही हेच क्रियापद आहे. शब्दाला मोल येतं ते कुणी, कुणावर आणि कशासाठी प्रीती केली यातून.

पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’ अशी विशेषणं आपण वाचतो. ग्रीकमध्ये तिथे क्रियापदं आहेत. प्रीती सहन करते, भलं करते, हेवा करत नाही, फुगत नाही. पौल प्रीतीचं वर्णन करत नाही, ती कशी वागते ते दाखवतो.

पण मग प्रीती म्हणजे नुसती सत्कृत्यं का? इथेच तिसरं वचन आपल्याला अडवतं. सगळी मालमत्ता गरिबांच्या अन्नासाठी वाटली, स्वतःचं शरीरही दिलं, तरी प्रीती नसेल तर काही लाभ नाही. यापेक्षा मोठं कृत्य कोणतं असणार? तरी पौल तेही पुरेसं धरत नाही. ख्रिस्ती जीवनाचं सारं वजन ‘का केलं’ या प्रश्नावर आहे, असं मला हा अध्याय वाचताना दर वेळी जाणवतं. त्या ‘का’चं उत्तर योहानाच्या पहिल्या पत्रात एका साध्या अव्ययात आहे : पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली, ‘म्हणून’ आपण प्रीती करतो (४:१९). भीतीनं नाही, बक्षिसासाठी नाही, पुण्याच्या हिशेबानं नाही. आधी मिळालं, म्हणून. आज्ञा पाळायचं बळ या ‘म्हणून’मधून येतं.

पंडिता रमाबाईंची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलम भागात, समाजानं टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी मायेनं सांभाळतात हे त्यांनी पाहिलं आणि त्यामागचं कारण विचारलं. त्या भगिनीनं नियम सांगितला नाही. ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची गोष्ट सांगितली, योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली. विहिरीवर एकट्या आलेल्या, पाच नवरे झालेल्या त्या बाईशी ख्रिस्त सन्मानानं बोलला, म्हणून आम्हीही. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी अशाच स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ उघडलं. याच रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं.

आता दुसरा प्रश्न. मुलांसाठी ‘प्रेम कर’ जरूर लिहा. त्यांच्या तोंडात तोच शब्द आहे. गोव्यातले कोकणी ख्रिस्ती ‘मोग’ म्हणतात, त्यानं अर्थ कुठे उणा होत नाही. सांभाळायचं ते क्रियापद. ‘शेजाऱ्याबद्दल प्रेम वाटू दे’ असं केलंत की आज्ञा हातची गेली.

एका जागी मात्र दोन्ही शब्द ठेवा : योहानाच्या शुभवर्तमानाचा २१ वा अध्याय, जिथे येशू आपला शिष्य पेत्र याला तीनदा एकच प्रश्न विचारतो. तिथे ग्रीकमध्ये दोन क्रियापदं आहेत आणि मराठी भाषांतरानंही ‘प्रीती करतोस काय?’ या प्रश्नाला पेत्राच्या तोंडी ‘प्रेम करतो’ असं उत्तर दिलं आहे. त्या फरकात किती अर्थ भरायचा यावर अभ्यासकांत एकमत नाही. मला स्वतःला तो फार ताणू नये असं वाटतं. मुलांना दाखवायचं ते पुढचं वाक्य. पेत्र तीनदा ‘हो’ म्हणतो आणि तिन्ही वेळा त्याला काम मिळतं : माझी कोकरं चार, मेंढरं पाळ, मेंढरं चार.